जुनी आल्बानियन ‘तांचित्सा’ पुन्हा चालती करताना

सहा वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका लिलावात मी एक लांबलचक, काळवंडलेली बंदूक घेतली. लिलावाच्या यादीत तिचे वर्णन ‘तुर्की बंदूक, लॉक नादुरुस्त’ एवढेच होते (लॉक म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा); प्रत्यक्षात ती निघाली तांचित्सा, म्हणजे आल्बानियन लांब बंदूक. मी व्यवसायाने यंत्र अभियंता असल्यामुळे चार स्क्रू आणि एक स्प्रिंग यांचे काम महिनाभरात उरकेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात अडीच वर्षे लागली, आणि त्यातला बराच काळ माझ्याच उतावळेपणाने झालेले नुकसान निस्तरण्यात गेला. इंग्रजी किंवा फ्रेंच चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या) बंदुकांविषयी भरपूर लिहिलेले सापडते, परंतु आल्बानियन बंदुकीची रचना इतकी निराळी आहे की ते सल्ले जसेच्या तसे लावले तर हानीच होते. म्हणून ज्या गोष्टी मला शेवटी कळल्या, त्या येथे आधी लिहीत आहे.

1. सर्वांत आधी: नळीत बार भरलेला आहे का?

बंदूक घरी आल्यावर कौतुकाने घोडा ओढून पाहण्याचा मोह होतो. तो आवरा. ठासणीच्या बंदुका अनेकदा भरलेल्या अवस्थेतच खुंटीला टांगल्या गेल्या आणि तशाच विसरल्या गेल्या. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली, तर दीडशे-दोनशे वर्षांनंतरही ती पेटू शकते.

परीक्षा सोपी आहे. नळीच्या व्यासापेक्षा बारीक, सरळ लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडावी, ती थांबेल तेथे नळीच्या तोंडापाशी पेन्सिलीने खूण करावी, आणि मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून, तीच खूण तोंडाशी जुळवून, लांबीने धरावी. काठीचे टोक कानापर्यंत, म्हणजे ज्या बारीक छिद्रातून आग आत जाते तेथपर्यंत, पोहोचले तर नळी बहुधा रिकामी आहे. माझी काठी कानाच्या चार बोटे अलीकडेच थांबली. गंजाचा लगदा असेल असे समजून मी ती दोनदा ठोकलीही, आणि आज ते आठवले की अंगावर काटा येतो; कारण बंदुकींच्या परवानाधारक कारागिराने ती नळी कानातून पाणी व तेल सोडून आठवडाभर भिजवल्यावर आतून आधी चिंधीचा बोळा, मग पांढरट पडलेली शिशाची गोळी आणि तिच्या मागे काळ्या चिखलासारखी दारू निघाली.

काठी अलीकडे थांबली तर पुढचे काम स्वतः करू नका. नळी तापवू नका, आत ड्रिल घालू नका, पाठीमागचा पेच उघडायला जाऊ नका. कानातून पाणी सोडून ठेवा, तोंड कोणाकडेही रोखले जाणार नाही अशी बंदूक ठेवा आणि कारागिराला बोलवा.

2. ही खरोखर आल्बानियन आहे का?

आल्बानियन लांब बंदुकीचा सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे तांचित्सा. सर्बियन भाषेत ‘तानाक’ म्हणजे बारीक, त्यावरून हे नाव आल्याचे मानले जाते, आणि बंदूक पाहिली की ते पटते. एकूण लांबी साधारण दीड मीटर किंवा त्याहून थोडी जास्त, नळी लांब व सडपातळ, आणि दस्ता इतका किरकोळ की तो खांद्याला कसा लावत असतील असा प्रश्न पडावा. पातळ मानेवरून येऊन हा दस्ता शेवटी आडव्या टोकाने संपतो. लाकूड जवळपास दिसतच नाही, कारण ते पितळेच्या, लोखंडाच्या किंवा क्वचित चांदीच्या नक्षीदार पत्र्याने संपूर्ण मढवलेले असते. तुर्क लोक आल्बानियनांना ‘अर्नाउत’ म्हणत, त्यामुळे याच बंदुकीला ‘अर्नाउतका’ असेही नाव आहे.

शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेली बंदूक हाती आली असेल, तर ती बहुधा माँटेनेग्रोतील कोटोरच्या आखाताकडची ‘जेफेरदार’ असते. तिच्या दस्त्याची निगा वेगळी असते, आणि येथे सांगितलेल्या दस्त्याविषयीच्या गोष्टी तिला लागू पडत नाहीत.

नळीवर ‘लाझारो लाझारिनो’ असे काही कोरलेले दिसले तर हुरळून जाऊ नका. लाझारिनो कोमिनाझो हा उत्तर इटलीतील गार्दोने या गावचा सतराव्या शतकातील नामांकित नळीकार होता. त्याचे नाव इतके चालणारे होते की पुढे बाल्कन प्रदेशात दीडशे-दोनशे वर्षे ते कोणीही कोणत्याही नळीवर उमटवत असे, पुष्कळदा स्पेलिंगच्या चुकांसह. प्रिझरेन (आजच्या कोसोव्होत) आणि तेतोवो (आजच्या उत्तर मॅसिडोनियात) ही बंदुका घडवण्याची मोठी केंद्रे होती. नळ्या मात्र अनेकदा इटलीतून येत आणि दस्ता, मढवणी व लॉक स्थानिक कारागीर करत. त्यामुळे इटालियन नळी आणि आल्बानियन दस्ता ही जोडी संशयास्पद नाही. लॉकच्या भोवती दस्त्यात बोटभर मोकळी फट दिसणे, किंवा पत्र्याचे खिळे सगळेच एकसारखे व यंत्राने काढल्यासारखे असणे, हे मात्र संशयास्पद आहे. अशा वस्तू पर्यटकांच्या बाजारासाठी सुट्या भागांतून जुळवलेल्या असू शकतात, आणि त्यांवर वर्षभर घाम गाळण्यापूर्वी विचार करावा.

3. ‘चालती’ म्हणजे किती चालती?

हा निर्णय कागदावर लिहून ठेवावा, कारण काम करताना हाव वाढत जाते. माझ्या मते योग्य उद्दिष्ट असे: घोडा अर्ध्यावर आणि पुरा अशा दोन्ही जागी ठामपणे थांबावा, चाप ओढल्यावर सुटावा, गारगोटीने भरपूर ठिणग्या पाडाव्यात, आणि एवढ्यावर काम थांबावे. दारू व गोळी घालून बार काढणे हे उद्दिष्ट असू नये. त्याची कारणे पुढे नवव्या मुद्द्यात येतील, परंतु एक कारण कायद्याचे आहे.

ब्रिटनमध्ये 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम 58(2) नुसार जुनी बंदूक केवळ कुतूहलाची वा शोभेची वस्तू म्हणून बाळगली, तर प्रमाणपत्र लागत नाही. 2021 च्या नियमांनी ‘जुनी’ या शब्दाला तारखेची मर्यादा घातली असून बंदूक 1 सप्टेंबर 1939 पूर्वी बनलेली असावी लागते. ती झाडण्याचा हेतू आला की ही सवलत संपते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ही मर्यादा 1898 हे वर्ष आहे, आणि राज्यांचे नियम त्याहून वेगळे असू शकतात.

भारतात राहणाऱ्या किंवा अशी बंदूक घेऊन भारतात परतू इच्छिणाऱ्या वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधील सूट जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना आहे. परंतु दुरुस्ती करून वा न करताही ज्यांचा बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही, अशाच शस्त्रांना. याचा अर्थ असा की जी बंदूक दुरुस्तीने चालू होऊ शकते, ती मोडलेली असतानाही या सवलतीत बसत नाही. शिवाय बंदुकीची दुरुस्ती हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून वाड्याच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली म्हणून हा लेख उघडला असेल, तर स्क्रू-पान्ह्याला हात लावण्यापूर्वी पोलिसांच्या परवाना शाखेत जा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर 1972 चा पुरावशेष व कला निधी कायदाही तिला लागू होऊ शकतो, आणि अशी वस्तू भारताबाहेर नेता येत नाही.

4. जवळ काय काय असावे

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये ठेवा:

– खरेदीची पावती व लिलावाच्या यादीतील वर्णनाचे पान;
– वस्तू परदेशातून आली असल्यास निर्यात व आयातीची परवानगी;
– हस्तिदंत किंवा पोवळे जडवलेले असल्यास त्यासंबंधीची कागदपत्रे (ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर 2022 पासून कडक बंदी लागू आहे);
– नळी रिकामी असल्याचे कारागिराचे पत्र;
– काम सुरू करण्यापूर्वीची छायाचित्रे, शक्यतो शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली.

हत्यारांसाठी फार खर्च लागत नाही. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसतील असे घासून घेतलेले चार-पाच स्क्रूड्रायव्हर, स्प्रिंग दाबून धरण्याचा छोटा शिकंजा, बारीक कानशी, लाकडी हातोडी, मऊ ब्रश, अतिबारीक स्टील वूल, चांगले भेदक तेल, डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा, आणि संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण. मी या यादीत एक पुठ्ठाही धरतो; तो कशासाठी ते लगेच येईल.

5. सुटे करणे

या बंदुकीचे स्क्रू हाताने घडवलेले असतात आणि प्रत्येक स्क्रू फक्त आपल्याच भोकात बसतो. म्हणून पुठ्ठ्यावर बंदुकीची बाह्याकृती काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवावा. मी ते डबीत टाकले होते, आणि तीन सारखे दिसणारे स्क्रू पुन्हा जुळवण्यात दोन रविवार गेले.

आधी लॉकचे आडवे स्क्रू सैल करावेत, पण पूर्ण काढू नयेत. स्क्रूंच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारली की लॉक दस्त्यातून बाहेर सरकते. त्यानंतर नळीला दस्त्याशी बांधणारे पट्टे काढायचे, आणि ते नेहमी तोंडाच्या दिशेने सरकवायचे. पट्टा अडला तर त्याखालचा पत्रा सुरकुततो, म्हणून जोर न करता तेल घालून दोन दिवस थांबावे. अडकलेल्या स्क्रूच्या डोक्यावर डाख देण्याच्या कावियाचे तापलेले टोक मिनिटभर टेकवले, तर बहुतेक वेळा काम होते.

दस्त्यावरचा नक्षीदार पत्रा मात्र काढू नका. तो शेकडो बारीक खिळ्यांनी बसवलेला असतो, त्याखालचे लाकूड सुकून आकसलेले असते, आणि एकदा उचललेला पत्रा पुन्हा पूर्वीसारखा कधीच बसत नाही. दस्ता मानेपाशी आतून तडकला असेल, तर फटीतून पातळ सरस सोडून सुती पट्टीने गुंडाळून ठेवणे पुरेसे असते. सरस निवडण्याचे कारण असे की तो पुढे कोणाला काढायचा झाला, तर कोमट पाण्याने निघतो.

6. गंज आणि पितळ

लोखंडावरचा तांबडा, भुसभुशीत गंज काढायचा. गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर ठेवायचा. तेलात भिजवलेले अतिबारीक स्टील वूल आणि पुष्कळ संयम एवढ्यावर हे साधते. खोलगट जागी पितळेच्या किंवा लाकडाच्या टोकदार काडीने खरवडावे. व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा बाजारातील गंजनाशक द्रावणात भाग बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी घोड्याचा वरचा जबडा एक रात्र असा बुडवला, आणि सकाळी त्यावरची बारीक वेलबुट्टी अर्धी पुसली गेलेली होती. ती चूक दुरुस्त होण्यासारखी नाही.

पितळेच्या बाबतीत मराठी माणसाचा हात आपोआप चिंचेकडे जातो. देवाची भांडी ज्या चिंच-मिठाने झळाळतात, त्याने या पत्र्याची नक्षी झिजते, आणि खिळ्यांच्या भोकांतून आत गेलेले आंबट-खारट पाणी लाकडात बसून पुढे हिरवा कळक वर ढकलत राहते. पितळ चमकवण्याची तयार द्रावणे त्याहून वाईट, कारण त्यांपैकी अनेकांत अमोनिया असतो, आणि ठोकून ताणलेल्या पितळेला अमोनियाने भेगा पडतात. हे शास्त्र लक्षात येण्यामागे आपल्याकडचा पावसाळाच आहे: ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचे कारण होते, आणि ते 1921 साली स्पष्ट झाले. आपल्या बंदुकीवरच्या ठोकून घडवलेल्या पत्र्यातही त्या काडतुसांप्रमाणेच ताण राहिलेला असतो. पत्र्याला ऊर्ध्वपातित पाण्यात पिळलेल्या बोळ्याने पुसा, लगेच कोरडे करा, आणि हलका मेणाचा हात द्या. तो सोन्यासारखा दिसणार नाही, दिसायलाही नको.

7. लॉक

सगळा जीव येथे आहे. तांचित्सावर सहसा मिकेलेट जातीचे लॉक असते. त्याची मोठी स्प्रिंग लॉकच्या पट्टीच्या बाहेर, उघडी दिसते, आणि घोडा अडवणारे खटके पट्टीतून आडवे बाहेर डोकावतात. फ्रेंच लॉकमध्ये हे सगळे आत लपलेले असते. मिकेलेट दिसायला ओबडधोबड असले, तरी ते समजायला सोपे आहे, कारण घोडा सावकाश ओढत गेलात तर कोणता खटका केव्हा अडतो हे डोळ्यांनी पाहता येते. ज्या उभ्या पोलादी पट्टीवर गारगोटी आपटते, तिला फ्रिझन म्हणतात. फ्रिझन आणि रंजकाच्या, म्हणजे कानाशी पेटणाऱ्या चिमूटभर दारूच्या, वाटीवरचे झाकण हा एकच काटकोनी तुकडा असतो, त्यामुळे ठिणगी पडते त्याच क्षणी वाटी उघडते.

मोठी स्प्रिंग काढताना घोडा खाली असावा, स्प्रिंग शिकंज्यात फक्त हलेल इतकीच दाबावी, आणि चष्मा घातल्याशिवाय हे करूच नये. पक्कडीने उचकटलेली स्प्रिंग एकतर मोडते किंवा तोंडावर येते.

माझ्या लॉकमध्ये तीन दोष निघाले, आणि बहुतेक ठिकाणी हेच तीन निघतात. पहिला, मोठी स्प्रिंग वळणापाशी मोडलेली. जोडकाम टिकत नाही, नवीनच करावी लागते: योग्य कार्बनचे स्प्रिंग पोलाद तापवून वाकवायचे, कानशीने आकार द्यायचा, लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवायचे, आणि मग सुमारे 300 अंशांवर निळसर रंग येईपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात ते हेच. माझ्या पहिल्या दोन स्प्रिंगा मोडल्या, कारण कडेवर कानशीचे आडवे ओरखडे राहिले होते आणि तडा तेथूनच सुरू झाला. तिसऱ्या वेळी प्रत्येक ओरखडा लांबीच्या दिशेने घासून काढला, आणि ती स्प्रिंग आजही आहे.

दुसरा दोष, खटक्याचे झिजलेले नाक. अर्ध्यावर चढवलेला घोडा चाप जोरात ओढूनही सुटता कामा नये, आणि पुरा चढवलेला घोडा दस्त्याला चापट मारल्याने पडता कामा नये. नाक घासताना खटक्याचा आणि घोड्याचा कोन दोन्ही बाजूंनी जुळला पाहिजे. एकावेळी कानशीचे दोन-तीन हात मारावेत आणि लगेच बसवून पाहावे. घासलेले परत येत नाही.

तिसरा, ठिणग्याच न पडणे. गारगोटी फ्रिझनचे अतिसूक्ष्म पोलादी कीस खरवडते आणि ते कीस हवेत पेटतात. म्हणजे ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. फ्रिझनच्या पृष्ठभागावर कानशी घसरली तर ते अजून कडक आहे, कानशी चावली तर मऊ पडले आहे. मऊ पडलेल्या फ्रिझनला दोन उपाय आहेत. त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून पुन्हा पाणी देता येते, परंतु त्यासाठी जुना भाग लाल तापवावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे कमी तापमानाच्या डाखाने कडक पोलादाची पातळ पट्टी वर चिकटवणे. मी दुसरा निवडला, कारण ती पट्टी पुन्हा काढता येते आणि फ्रिझनवरच्या जुन्या उभ्या खाचा तिच्याखाली शाबूत राहतात.

मूळचा कोणताही मोडका भाग टाकू नका. माझी मोडकी स्प्रिंग एका पिशवीत, तारखेसह, बंदुकीबरोबरच असते.

8. जुळवणी आणि पहिली ठिणगी

उलट क्रमाने सगळे जोडावे. फिरणाऱ्या भागांना तेलाचा एकच थेंब, फ्रिझनच्या पृष्ठभागाला मात्र तेलाचा स्पर्शही नको. गारगोटी चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या जबड्यात अशी आवळावी की घोडा अर्ध्यावर असताना तिची धार आणि फ्रिझन यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहील आणि धार फ्रिझनला पूर्ण रुंदीने समांतर असेल. इंग्लंडमध्ये ब्रँडन या गावच्या काळ्या गारगोट्या मिळतात आणि त्या उत्तम असतात. धार चढत्या बाजूने बसवावी की उतरत्या, याला नियम नाही. दोन्ही करून पाहावे.

पहिली परीक्षा अंधाऱ्या खोलीत, काठीने नळी पुन्हा तपासून, रिकाम्या रंजकाच्या वाटीवर घ्यावी. ठिणग्या पांढऱ्या, लांब आणि वाटीत सांडणाऱ्या असतील तर लॉक बरोबर आहे. तांबड्या आणि जागीच विझणाऱ्या असतील, तर फ्रिझन अजून मऊ आहे किंवा गारगोटीची धार बोथट झाली आहे. गारगोटीशिवाय घोडा वारंवार आपटू नये, त्याने जबड्याला व घोड्याच्या मानेला तडे जातात.

9. बार काढावा का?

माझे उत्तर स्पष्ट नकार आहे. या नळ्या पातळ असतात, त्यांच्या आतल्या गंजाचे खड्डे बाहेरून दिसत नाहीत, आणि कान झिजून मोठा झालेला असला तर त्यातून मागे येणारा झोत डोळ्याच्या अगदी जवळ असतो. ब्रिटनमध्ये अशी नळी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दारूने तपासली जाते, आणि त्या परीक्षेत ती फुटली तर दोनशे वर्षांची वस्तू तेथेच संपते. ज्यांना चकमकीची बंदूक झाडण्याचा अनुभवच हवा आहे, त्यांनी परवाना काढून नवी प्रतिकृती घ्यावी. त्यांतल्या पुष्कळशा गार्दोनेच्याच खोऱ्यात बनतात, जेथून या बंदुकांच्या नळ्या बाल्कनमध्ये जात होत्या.

भिंतीवर ठेवताना बंदूक दोन रुंद, कापड लावलेल्या आधारांवर आडवी ठेवावी. खिळ्याला दोरीने टांगली तर सगळा भार नळीच्या पट्ट्यांवर येतो. घोडा नेहमी खाली सोडलेला असावा, म्हणजे स्प्रिंग थकत नाही. वर्षातून दोनदा मेणाचा हात फिरवावा, आणि तेव्हाच पितळेच्या कडांना हिरवा कळक वर येत आहे का ते भिंगाने पाहावे. माझ्या बंदुकीच्या मानेपाशी एक ठिपका दर हिवाळ्यात पुन्हा दिसतो. तो मी लाकडी काडीने खरवडतो आणि वहीत तारीख लिहितो.